पाण्यावालं पुस्तक

मोहाडीपासून चार किलोमीटर आत आमचं गाव. गावात आमच्या मोहल्ल्याचा विहार, आणि विहारात पावसाळ्याचे तीन महिने बुद्धांच्या धम्मावरच्या ग्रंथाचं वाचन. आषाढी पौर्णिमेला वंदना करून ग्रंथ उघडायचा, आश्विन पौर्णिमेला खीर वाटून मिटायचा, मधल्या सगळ्या दिवसांत रोज सांजेला थोडं थोडं वाचायचं, अशी पद्धत. वाचणारा एकच असतो. आमच्याकडे ते काम बाबांचं होतं. मला कळायला लागलं तेव्हापासून मी त्यांनाच वाचताना पाहिलं.

बाबा चौथी शिकलेले. दीड एकराच्या तीन बांध्या होत्या, म्हणजे चारी बाजूंनी मातीचे धुरे घालून पाडलेले धानाचे तुकडे. तेवढ्यात भागायचं नाही म्हणून धान निघालं की राइस मिलमध्ये पोती उचलायला जायचे. घरी मोजकंच बोलायचे. जेवली का, धानाचे पऱ्हे उगवले का, यष्टी आली का, एवढंच. पण ग्रंथासमोर बसले की हा माणूस वेगळाच व्हायचा. ओळीखाली उजव्या हाताचं बोट, आणि बोट सरकेल तसा आवाज. दिवसभर रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करून आलेल्या बाया भिंतीला टेकून पेंगत असायच्या, पायाच्या नखांत चिखल तसाच. बाबा मध्येच थांबून म्हणायचे, "आता ध्यान द्या बरं," की पेंगणाऱ्या माना वर यायच्या.

सगळ्यात पुढं, चौरंगाला जवळजवळ गुडघे टेकवून, आमच्या शेजारची आजी बसायची. नात्याची नव्हे, पण सगळा मोहल्ला तिला आजीच म्हणायचा. तिला अक्षर येत नव्हतं आणि कानानेही कमीच ऐकू यायचं, म्हणून ही पुढची जागा तिने स्वतःच ठरवून घेतलेली. वाचन संपलं की उठता उठता एक शेरा मारून जायची. आज गोड होतं, आज तिखट होतं. एखाद्या बाईच्या हातची भाजी खाऊन सांगावं तसं.

तिला सगळ्यात आवडायचं ते पाण्याचं. ग्रंथात 'मी' आणि 'माझं' यांच्यावर एक भाग आहे, तिथं बाबा आले की आवाज खाली आणायचे आणि म्हणायचे, "वरच्या बांधीत पाणी साचते. आपण म्हणतो, माहं पाणी. धुरा फुटते, पाणी खालच्या बांधीत जाते, मंग तो म्हणते, माहं पाणी. पाणी कोणालेच पुसत नाही. धुरा ओलांडता ओलांडता कोणत्या जागी ते माहं नाही रायलं, सांगा बरं." पुरुषांच्या बाजूला हमखास एक-दोघे असे असायचे ज्यांनी त्याच आठवड्यात पाण्यावरून एकमेकांवर फावडं उचललेलं असायचं. ते सतरंजीकडे पाहत राहायचे. बाबा जरा वेळ गप्प बसायचे आणि मग बोट पुढच्या ओळीवर न्यायचे.

मी बी.ए.ला भंडाऱ्याला जायला लागले तेव्हा गोंदिया वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. कॉलेजच्या अर्जावर 'जिल्हा' या रकान्यात अजूनही एखादा तिकडचा मुलगा सवयीने भंडारा लिहायचा आणि खिडकीतला बाबू त्याला परत पाठवायचा. त्याच बाबूने मला विचारलं की तिसरा विषय कोणता भरू, इतिहासात जागा नाही, तत्त्वज्ञानात जागाच जागा आहेत. मी म्हटलं भरा. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, त्याने नोकरी लागते का? बाबांचा चेहरा मात्र उजळला. म्हणाले, हा तर आपलाच विषय झाला.

आपला विषय कुठला. पहिले सहा महिने मी यष्टीत बसून रडलेय, खोटं कशाला सांगू. वर्गात आम्ही चौघं. सर निवृत्तीला आलेले, मोतीबिंदू झालेला, कागद नाकाला लावून तपासायचे. पहिल्याच दिवशी विचारलं, ही खुर्ची आहे हे तुम्हाला कसं कळतं? मी म्हटलं, दिसते म्हणून. ते म्हणाले, स्वप्नातही दिसते. मी म्हटलं, हात लावून पाहता येतो. ते म्हणाले, स्वप्नातही लावता येतो. मला वाटलं हा माणूस चेष्टा करतोय. पुस्तक उघडावं तर ज्ञानमीमांसा, सत्ताशास्त्र, असले शब्द, भाताच्या घासात खडा यावा तसे. एक पान चार वेळा वाचायचं आणि चौथ्यांदाही पहिल्याइतकंच कोरं राहायचं. सोबतच्या पोरी इतिहासाची टिपणं पाठ करून मोकळ्या व्हायच्या आणि मी बसलेली, खुर्ची आहे की नाही या विचारात.

सरांची शिकवायची एक रीत होती. कागद उभा मधोमध दुमडायचा. डाव्या अंगाला पुस्तक काय म्हणतं ते लिहायचं, उजव्या अंगाला तू काय म्हणतेस ते. माझं डावं अंग गच्च भरलेलं असायचं आणि उजवीकडे काही नाही. एकदा त्यांनी लाल शाईने तिथं लिहिलं, "इकडे कोणी राहत नाही का?" चौघांत ते वाचून दाखवलं गेलं आणि हशा झाला. मी पेटून उठले, पण उजवीकडे लिहायला डोक्यात काही असेल तर ना. मग मी डाव्या अंगाची राणी व्हायचं ठरवलं. सर म्हणायचे, पुस्तकाने जे म्हटलं नाही ते पुस्तकाच्या तोंडी घालू नका, त्याच्यासारखी अप्रामाणिक गोष्ट नाही. हे मला जमायचं. कोणी वर्गात चुकीचं वाक्य पुस्तकाच्या नावावर खपवलं की मी पान काढून तोंडावर मारायची. शिंगं फुटली होती मला.

दुसऱ्या वर्षी बौद्ध तत्त्वज्ञानाचा पेपर होता. मी विचार केला, आपल्याकडे तर रोज वाचन होतं, तिथंच टिपणं काढू. कॉलेजच्या लायब्ररीतून तोच ग्रंथ आणला, वही दुमडून घेतली आणि विहारात बाबांच्या समोर बसले. बाबांना काय आनंद झाला असेल. दोन दिवस ते नेहमीपेक्षा ताठ बसून वाचत होते.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की बाबा जे म्हणतायत ते माझ्या पानावर नाही. मला वाटलं आवृत्ती वेगळी असेल. सकाळी विहारात जाऊन त्यांची प्रत पाहिली, तर तीच, पान नि पान तेच. मग मी रोज नीट लावून पाहायला लागले. ग्रंथातलं वाक्य डावीकडे, बाबांनी मध्ये घातलेलं उजवीकडे. पंधरा दिवसांत उजवं अंग डाव्यापेक्षा जास्त भरलं. बांधीचं, बोडीच्या तळ्यातल्या मासोळ्यांचं, मिलमधल्या कोंड्याचं, गायीच्या दाव्याचं, सगळं बोट ओळीखाली ठेवून, जणू काही छापलेलंच आहे. मला त्याचा आनंद झाला, हे आता लपवून काय उपयोग? चोर सापडल्याचा आनंद.

भादव्यातली सांज होती. विहार भरलेला, कारण दिवसभर रिपरिप होती आणि शेतात कोणी गेलं नव्हतं. बाबा पाण्यावर आले. "धुरा ओलांडता ओलांडता," असं म्हणाले आणि मी वर्गात करतात तसा हात वर केला. आयुष्यभर घरात मले-तुले बोलणारी मी, त्या दिवशी कॉलेजची भाषा काढली.

"बाबा, हे ग्रंथात नाही आहे. तुम्ही हे स्वतःचं घालताय."

त्यांना वाटलं मी काहीतरी शंका विचारतेय. म्हणाले, कोणतं? मी म्हटलं, पाण्याचं, धुऱ्याचं, हे कुठंच नाही, मी दोनदा तपासलं. आणि अक्कल पाजळायची ती पुरती पाजळावी म्हणून वहीही वर धरून दाखवली. बाबांनी ग्रंथावर मान झुकवली. बोट पानाच्या वरच्या टोकाला गेलं, ओळी ओळीने खाली आलं, पान उलटलं, परत मागे आलं. टिनाच्या छपरावर पाऊस वाजत होता. बराच वेळ शोधून ते हळू आवाजात म्हणाले, "मले तं वाटे, आहे."

मग त्यांनी चौरंग हाताने फिरवला, ग्रंथाचं तोंड माझ्याकडे केलं. "तू वाच बाई. तुले बराबर वाचता येते."

मी नको म्हणायला पाहिजे होतं. मी वाचलं. शुद्ध, स्पष्ट, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. अर्ध्या तासात आठ पानं उरकली. बाबांना तेवढ्याला चार दिवस लागायचे. उठताना आजी गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली की आज अळणी होतं. मी मनात म्हटलं, हिला काय कळतंय.

त्यानंतर रोज मीच वाचायला लागले. बाबा दोन-चार दिवस दाराशी बसले आणि मग त्यांना सांजेलाच पाण्याची राखण करावी लागू लागली. रागावले असते तर बरं झालं असतं, मी भांडले असते, भांडणात मी हुशार आहे. पण ते रागावले नव्हते. आधीसारखंच विचारायचे, जेवली का, यष्टी आली का. विहारात बाया कमी व्हायला लागल्या. कुणाचं पोर आजारी, कुणाचं अंग दुखतंय. पुरुषांकडे तर दोन-तीनच टाळकी. आजी मात्र येऊन पुढे बसायची आणि एक शेराही न मारता उठून जायची. आई एका सकाळी चुलीपाशी मला म्हणाली, तुझ्या बापाला त्या एका जागी लोक ऐकत होते, दुसरीकडे कोण ऐकतंय त्याचं? मी तिच्यावर खेकसले की चुकीचं ते चुकीचं. पण भाकरी अर्धी टाकून उठले.

शेवटी मीच बाबांना म्हटलं की तुम्ही वाचा. ते धुऱ्यावर गवत कापत होते. म्हणाले, वाचता वाचता त्यांना वावरातलं काही आठवायचं आणि तोंडातून निघून जायचं. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा तेच निघायचं. असं करत करत इतकी वर्षं झाली की त्यांना वाटायला लागलं तेच लिहिलेलं आहे. त्यांनी कोणाला फसवलं नव्हतं, हे त्यांना मला सांगायचं होतं. माझ्या बापाला माझ्यापुढे सफाई द्यावी लागत होती आणि मी विळा हातात घेऊन नुसती उभी होते. "आता भेव वाटते बाई," ते म्हणाले. "बोटाखाली काय आहे अन् तोंडातून काय निंगते, तिकडंच ध्यान जाते."

माझ्या आग्रहाखातर एकदा आले ते. आश्विन लागला होता. बोट ठेवलं आणि फक्त छापलेलं वाचायला लागले. शब्द फोडत, अडखळत, प्रत्येक वाक्याच्या शेवटी माझ्याकडे बघत. पहिलीतलं पोर गुरुजीकडे पाहतं तसं. एका लांब वाक्याच्या मध्यावर थांबले ते थांबलेच. मग ग्रंथ माझ्याकडे सरकवून चपला घालून निघून गेले. ते शेवटचं त्यांचं वाचन.

परीक्षेसाठी मला पुस्तकातलंच तेवढं हवं होतं. म्हणून एका रविवारी मी वहीची पानं घडीवर फाडली, डावे अर्धे टाचून फाईलमध्ये लावले. उजव्या अर्ध्यांचा गठ्ठा पडला होता. पावसाळ्याने सरपण ओलं होतं, आईला चूल पेटवायला कोरडा कागद हवा असायचा. तिने विचारलं, हे कामाचं आहे का? मी म्हटलं, नाही. आठ-दहा दिवस पुरले ते.

दिवाळीनंतर सरांनी निबंध दिला. 'माझे' म्हणजे काय? डावं अंग भरून झालं. उजवीकडे नेहमीचा दुष्काळ. रात्रंदिवस डोकं खाजवून काही येईना तेव्हा मी लिहिलं: पाणी बांधीचा धुरा ओलांडतं तेव्हा ते नेमक्या कोणत्या जागी माझं राहत नाही, हे मला दाखवता येत नाही, कदाचित ते आधीही माझं नव्हतं. शेवटचा तुकडा तेवढा मी जोडलेला. बाकी सगळं कोणाचं ते मला माहीत होतं. लिहिताना वाटलंही की बाबांचा उल्लेख करावा, पण निबंधात 'माझे बाबा म्हणतात' कसं लिहिणार? तत्त्वज्ञानात कोणाचे बाबा थोडेच असतात.

सरांनी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली. वही नाकाशी धरून वर्गात मोठ्याने वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दोन वर्षांत पहिल्यांदा विचार केलास. हे तुझं आहे?"

मी म्हटलं, हो सर.

इतकं सोपं होतं ते. पुस्तकाच्या तोंडी भलतं घालू नये म्हणणारी मी. त्या दिवशी परत येताना यष्टीत खिडकीपाशी जागा मिळाली होती आणि वरठीच्या पुढे धानाच्या कापलेल्या बांध्या दिसत होत्या. मला तिकडे पाहवलं नाही. घरी जाऊन सांगून टाकू असं ठरवलं. बाबा, तुमचं वाक्य सरांना आवडलं, एवढंच तर सांगायचं होतं. पण एवढं सांगितलं असतं तर पुढचंही आलं असतं. मग मी लोकांत तोंड का उघडलं होतं, आणि सरांना काय सांगून आले. जेवून अभ्यासाला बसले.

चार-पाच दिवसांनी बाबा वही घेऊन माझ्याकडे आले. माझ्या वह्या ते अधूनमधून उघडून पाहायचे, अक्षर चांगलं आहे म्हणायचे. लाल रेघेखाली त्यांचं बोट होतं आणि चेहऱ्यावर असं काही होतं जे मी भादव्यापासून पाहिलं नव्हतं.

"हे पाह्य बाई. पाण्याचं आहे न पुस्तकात. तुनं लिवलं आहे."

मला क्षणभर कळेना. मग कळलं. त्यांनी मला वर्षभर पुस्तकांतून वहीत उतरवतानाच पाहिलं होतं. माझ्या वहीत जे आहे ते कुठल्या तरी पुस्तकातलंच असणार. ते म्हणत होते की त्या ग्रंथात नसेल, दुसऱ्या कोणत्या असेल, आपण कुठंतरी ऐकलं असेल आणि डोक्यात राहिलं असेल. म्हणजे आपण मनाचं काही घातलं नव्हतं. त्यांनी विचारलं, कोणत्या पुस्तकात आहे?

आता सांग, असं मी मनात स्वतःला म्हटलं. ते कोणत्याही पुस्तकात नाही बाबा, ते तुमचं आहे, मी तुमचं चोरलं. तेवढे तीन तुकडे. तोंडातून निघालं, "कॉलेजचं मोठं पुस्तक आहे."

"आनशीन का मंग? ते आनलं का मी वाचतो विहारात. बोट ठेवून वाचतो."

मी म्हटलं, आणते.

तेव्हापासून ते पाण्यावालं पुस्तक आमच्या घरात आलं, न येताच. दर आषाढी पौर्णिमेच्या आधी ते विचारायचे, भेटलं का? मी म्हणायची, लायब्ररीत एकच प्रत आहे, बाहेर गेली आहे. पुढच्या वर्षी म्हटलं, आता छापत नाहीत. मी नागपूरला एम.ए.ला गेले तेव्हा म्हणाले, तिथं मोठाली दुकानं असतील. मी म्हटलं, पाहते. एका वर्षी त्यांनी चष्म्याचा नंबर वाढवून घेतला, त्या पुस्तकाचं अक्षर बारीक असलं तर पंचाईत नको म्हणून. हे आईने मला फोनवर हसत हसत सांगितलं. मी फोन ठेवून वसतिगृहाच्या पायऱ्यांवर बसून राहिले.

विहारात तोवर दुसरा एक जण वाचत होता, नोकरीतून निवृत्त होऊन गावात परतलेला, वाचायचा नीट. बाबा कधी जायचे, कधी नाही.

का नाही सांगितलं, हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय की आता उत्तरं पाठ झालीत. लाज होती. एकावर एक खोटं चढलं होतं. आणि एक क्षुद्र गोष्टही होती, ती सांगितलीच पाहिजे. ग्रंथात ते नाही हे माझं म्हणणं खरं होतं. पानापुरती मी जिंकले होते आणि ते मला सोडवत नव्हतं. तत्त्वज्ञानात एम.ए. केलं, मग तुमसरच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागले. पोरांना कागद उभा दुमडायला शिकवते. एखादी पोरगी उजव्या अंगाला काही लिहीत नाही तेव्हा मी तिला विचारते, घरी कोणी काही बोलत नाही का? ती हसते. मला हसू येत नाही.

मिलच्या कोंड्याने बाबांची छाती गेली. दोन हिवाळे खोकले, तिसऱ्यात भंडाऱ्याच्या दवाखान्यात ठेवलं. मी ठरवून गेले होते की या वेळी सांगायचंच. वहीसुद्धा नेली होती, दुमडून. वाटलं, सांगू आणि मग त्यांना म्हणू, बाकीचं पण सांगा, मासोळ्यांचं, दाव्याचं, सगळं मी उजवीकडे लिहून घेते. त्यांच्या तोंडावर हवेचा मास्क होता. मला पाहून डोळे हलले. मग चादरीवर त्यांनी उजव्या हाताचं बोट ठेवलं आणि हळू हळू सरकवलं, डावीकडून उजवीकडे, ओळीखाली सरकतं तसं, आणि माझ्याकडे पाहिलं.

विचारत होते. भेटलं का?

आई बाजूला बसली होती, नर्स बाटली बदलत होती. मी त्यांच्या बोटावर हात ठेवला आणि म्हटलं, "पुढच्या खेपेला नक्की आणते बाबा."

दोन दिवसांनी ते गेले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम विहारातच झाला. तेच टिनाचं छप्पर, तोच चौरंग. फोटोला हार घातला, वंदना झाली. मग दोघा-तिघांनी उठून सांगितलं की पूर्वी वाचन कसं व्हायचं, रोवण्याच्या थकव्यातही कसं यावंसं वाटायचं. कोणीतरी म्हणालं, पोरगी शिकलेली आहे, तिनेच दोन पानं वाचावीत. मी ग्रंथासमोर बसले. पुढे गुडघे टेकवून आजी, आता पार वाकलेली, कानाने जवळजवळ बहिरी. तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"पाण्याचं वाच न बाई."

मला ते म्हणता आलं असतं. बोट ओळीखाली ठेवून, छापलेलं असल्यासारखं. कोणी तपासणार नव्हतं. पण मला त्यातलं येत होतं किती? धुऱ्याचं तेवढं आठवत होतं, तेही माझ्या निबंधातून. त्याच्या आधी ते काय म्हणायचे, नंतर काय म्हणायचे, गप्प बसून मग कसं उचलायचे, ते सगळं मी एकदा शब्द न् शब्द लिहून घेतलं होतं आणि ते चुलीत गेलं होतं. मी आजीच्या कानाशी वाकले. मोठ्याने बोलावं लागलं, त्यामुळे सगळ्यांनीच ऐकलं.

"ते पुस्तकात नाही आजी. कोन्याच पुस्तकात नाही. ते बाबाचं होतं. त्याइच्याच मनातलं."

तिच्या आत ते पोचायला वेळ लागला. मग म्हणाली, "तो तं शेवटवर म्हणे, पोरगी ते पुस्तक आनून रायली म्हणून." मग तिने विचारलं, "तुनं त्याले सांगतलं होतं का, त्याचं आहे म्हणून?"

मी मान हलवली, नाही म्हणून. आजीने माझ्या हातावरचा हात काढून घेतला. सगळे माझ्याकडे पाहत होते, आईसुद्धा. मी ग्रंथ उघडला, ओळीखाली बोट ठेवलं आणि तिथं जे छापलेलं होतं ते वाचायला लागले.